तिच्या बाजूची कारणं

नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढच्या नऊ दिवसांना आम्ही नागपूरकर हे नाव देतो, आणि एरवी उन्हाच्या नावाने बोटं मोडणारा माणूसही या दिवसांत जरा ऐटीत बोलतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला फोनवर तापमान सांगताना एखादा अंश वर चढवून सांगायची आमच्याकडे रीतच आहे. सीताबर्डीच्या चौकात पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळून स्कूटीवर बसतात. सख्खी भाची बाजूने गेली तरी ओळखू येत नाही. भर दुपारी आमची सक्करदऱ्याची गल्ली अशी सामसूम होते की भंगारवालासुद्धा आवाज देत नाही. कुत्री गाड्यांखाली आणि माणसं कूलरपुढे.

कूलर काय असतो हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाही. उन्हाळ्यापुरता तो घरातला एक माणूसच असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं, त्याची ताटी बदलायची, तो मध्येच घरघरला की पाठीत एक थाप मारायची. वाळ्याच्या नव्या ताटीवर पाणी पडलं की घरभर जो वास सुटतो तो मला अजूनही आवडतो. आवडतो, आणि लगेच नकोसाही होतो. कारण त्या वासाबरोबर बाबांचा पलंग येतो, कोरडा नळ येतो आणि शोभा येते. काही वर्षं झाली त्याला. पण नवतपा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी त्याच एका उन्हाळ्यात जाऊन बसते.

शोभा माझी शेजारीण. मी लग्न केलं नाही. कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करून हे दोन खोल्यांचं घर बांधलं, गल्लीच्या अगदी टोकाला. राहायला आले त्याच दिवशी मधल्या ठेंगण्या भिंतीवरून एक हात चहाचा कप घेऊन आत आला. "साखर कमी वाटली तं सांगजा," असा आधी आवाज, आणि मग मागून घामेजलेला, हसरा चेहरा. त्या भिंतीवरून पुढे काय काय गेलं-आलं हे कोणी मोजलं नाही. मला टायफॉईड झाला तेव्हा तिच्या हातची मऊ खिचडी तिथूनच यायची. तिच्या मुलीने, रश्मीने, बारावीचा सगळा अभ्यास माझ्या मागच्या खोलीत केला. एकट्या बाईला शेजार म्हणजे काय असतो हे भरल्या घरात राहणाऱ्याला समजणं कठीण आहे. माझ्या घराची दुसरी किल्ली शोभाकडे असायची. अजूनही आहे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास बाबांचं डावं अंग लकव्याने गेलं. खाप्याकडे आमची थोडी शेती, ती त्यांनी जन्मभर केली. आई आधीच गेलेली, गावात बघणारं कोणी नाही, म्हणून त्यांना माझ्याकडे आणलं. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कोणी दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, तो आता दिवसभर छताकडे बघत पडलेला असायचा. त्यांचा पलंग मी कूलरच्या खिडकीजवळ टाकला. ती खिडकी शोभाच्या अंगणाकडे उघडायची, पण कूलरच तिच्यात असल्यामुळे पलीकडचं दिसायचं नाही, आवाज मात्र यायचे. अंग गेलं होतं तरी बाबांची बोली शाबूत होती. पहिल्या दिवशी ते कूलरकडे बघत म्हणाले, "हे पंखा हाये का जनावर हाये वं? केवढं पाणी पेते."

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात माझा नळ आटला.

आमच्याकडे तेव्हा नळ सकाळी तासभर यायचा. मी तोटी उघडून बसायचे. आधी नुसती हवा सुसकारायची, मग गढूळ थेंब, मग करंगळीएवढी धार, आणि एक बादली जेमतेम भरते न भरते तोच तीही जायची. लकव्याच्या माणसाला पाणी किती लागतं हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. दिवसातून किती वेळा अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, त्या धुवायच्या. शिवाय कूलर. दुपारी कूलरमधलं पाणी संपलं की तो गरम वारा फेकायला लागायचा, आणि बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त चांगला हात वर करून कपाळावर आडवा ठेवायचे. तो हात वर गेला की माझा जीव खालीवर व्हायचा.

त्या दिवसांत शोभा रोज सकाळी भिंतीवरून मला दोन बादल्या पाणी द्यायची. स्वतःच्या घरात बाळंतीण असताना. रश्मी पहिल्या बाळंतपणाला आली होती, घरात तान्हं बाळ, दोरीवर लंगोट्यांची रांग. आणि तरी ही बाई बादली उचलून भिंतीवर ठेवायची आणि म्हणायची, "घे वं नंदा. बाबाले अंग पुसायले तरी होईन." मी बादली घेताना तिच्या हाताला हात लावायचे. एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "अशी रडून राहिली तं बादलीची गरजच नाई तुले." आम्ही दोघी हसलो. मी त्या दिवसांत देवाला नमस्कार करताना तिचं नाव घेत होते, हे इथे लिहून ठेवते.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण माणसाकडे बघायची माझी नजर तिथे घडली. कॉलेजच्या ऑफिसात मी नवीन होते तेव्हा मला खिडकीवर बसवलं. परीक्षेचे अर्ज, दाखले, गुणपत्रिका. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपुढे जी काही भाषा ऐकू येते ती घरी जाऊन सांगण्यासारखी नसते. पहिल्याच महिन्यात एका बापाने मला असं काही सुनावलं की मी आत जाऊन रडले. तेव्हा आमच्या मोठ्या बाई, ढोबळे बाई, माझ्याजवळ येऊन बसल्या. जाड काचांचा चष्मा, तोंडात कायम बडीशेप. त्या म्हणाल्या, "तुले या खिडकीतून माणूस केवढा दिसते?"

मी म्हटलं, "छातीपर्यंत."

"मग बाकीचा अर्धा खिडकीखाली राहते ना. त्याच्या हातात काय हाये, पायात चप्पल हाये का नाई, लेकरू पायाशी उभं हाये का, तुले काय माहीत? तो अर्धा आपण आपल्याच मनानं भरतो. भरायचाच हाये तं चांगला भर. तुयं काय जाते?"

मी त्या दिवशी उठून मुद्दाम खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. त्या बापाच्या एका हाताला प्लास्टर होतं. तेवढं पाहिल्यावर माझा सगळा राग वितळून गेला, आणि ढोबळे बाईंचा तो खिडकीखालचा अर्धा माणूस माझ्या डोक्यात कायमचा राहायला आला.

बाईंकडे असली बरीच साधी सूत्रं होती. कोणी चुकीचं वागलं तर त्या तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "विसरला असन, अडला असन, नाई तं माहीत नसन." हे तीन शब्द संपल्याशिवाय चौथा, म्हणजे "मुद्दाम", उच्चारायचा नाही, असा त्यांचा नियम. आणि गंमत म्हणजे तिसऱ्यापर्यंत बहुतेक प्रकरणं मिटायची. आणखी एक त्या सांगायच्या. मी ऑफिसला उशिरा आले की कारण ऑटोचं असतं, आणि शिपाई उशिरा आला की तो आळशी असतो. म्हणून दुसऱ्यालाही एक ऑटो द्यायचा. पुढे कितीतरी वर्षं आमच्या ऑफिसात कोणी उशिरा आलं की आम्ही म्हणायचो, त्याला त्याचा ऑटो द्या.

मी ही सूत्रं शिकले आणि बाईंच्याही पुढे गेले. दूधवाल्याने पाणी घातलं तर त्याच्या म्हशीला बरं नसेल. भाचीने फोन केला नाही तर तिची परीक्षा असेल. गल्लीत माझी ख्यातीच झाली. "नंदाताईले कोणाचाच राग येत नाई," असं लोक म्हणायचे आणि मला ते गोड वाटायचं. आमच्या समोर भोयर काकू राहतात, त्यांची ख्याती अगदी उलट. कचरागाडीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत त्यांचं कोणाशी वाजलं नाही असं नाही. त्यांच्या दारासमोर कोणी गाडी लावत नाही आणि माझ्या दारासमोर सगळेच लावतात. मी म्हणायचे, बिचाऱ्यांना जागा मिळत नसेल.

तर अशा माझ्या डोक्याला त्या उन्हाळ्यात नळ का येत नाही याची कारणं शोधायला कितीसा वेळ लागणार? माझं घर शेवटचं. नळाची लाईन जुनी. मे महिन्यात तलावच खाली जातात, धार कुठून मोठी येणार. शोभाकडे पाणी येतं कारण तिचं घर माझ्या आधी आहे. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच ते इतके दिवस टिकलं. भोयर काकूंनी एकदा मला रस्त्यात अडवलं आणि म्हणाल्या, "गल्लीत सगळ्याइले नळ येते. तुमच्याच घरी काहून येत नाई, याचा विचार करा जरा." मी हसले. काकूंना प्रत्येकात खोट दिसते, असं मनात म्हटलं. त्यांनाही मी त्यांचा ऑटो दिला.

बाबा मात्र रोज सकाळी एक गोष्ट म्हणायचे. "आयक, भुंगा बोलून राहिला."

"कुठे बाबा?"

"भिंतीपल्याड. नळ आला का तो बोलते, नळ गेला का गप होते."

मी कान देऊन पाहायचे. बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज, कुठेतरी मिक्सर. भुंगा मला ऐकू यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की अशा झटक्यानंतर कानात आवाज येऊ शकतात. मी बाबांच्या कपाळावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "असेल, भुंगा असेल." ते माझ्याकडे एकदा बघायचे आणि मान वळवायचे. शेतात विहिरीवरची मोटर कोणत्या आवाजात चालली की पाणी किती आहे, हे अंथरुणातून ओळखणारा माणूस तो.

नवतप्यातला एक दिवस. सकाळीच इतकं तापलं होतं की तोटीला हात लावताना चटका बसत होता. नळाची वेळ झाली आणि लाईट गेली. मी कपाळाला हात लावला. पाणी नाही, आता पंखाही नाही. सवय म्हणून तोटी उघडली. आणि पाणी आलं. आलं म्हणजे काय, असं आलं की बादली जागची हलली. जाड, पांढरी, गार धार. मी बादली भरली, घागर भरली, कूलरला पाईप लावला, मोरीतला ड्रम भरायला घेतला. मी वेड्यासारखी हसत होते. आतून बाबांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आला बाबा, खूप आला." आणि मग ते म्हणाले, "आज भुंगा नाई बोल्ला."

ते माझ्या कानात शिरलं, डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, शोभाला सांगायचं. तिला आता रोज बादल्या द्यायला नकोत, बिचारीची कंबर दुखते, बाळाचं करून थकते. मी ओल्या हातांनीच मागच्या फाटकातून तिच्या अंगणात गेले.

ती मोरीजवळ उकिडवी बसली होती. तिच्यासमोर नळाच्या पाईपला जोडलेली एक छोटी लाल मोटर होती, वर ओलं पोतं टाकलेलं, वायर खिडकीतून आत गेलेली. ती मोटर हलवून बघत होती, पुन्हा पुन्हा खिडकीतल्या बटणाकडे बघत होती. माझी चाहूल लागली तसं तिने वर पाहिलं. पोतं ओढून घ्यावं म्हणून तिचा हात गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"लाईट गेली वं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

 आत बाळ रडायला लागलं. मी माझ्या घरी परत आले. ड्रम भरून पाणी मोरीभर वाहत होतं, ते बंद केलं. बाबांचं अंग पुसलं, चांगल्या भरपूर पाण्याने. ते डोळे मिटून पडले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, पण त्यांना सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माझा नळ व्यवस्थित येऊ लागला. भिंतीवरच्या बादल्या बंद झाल्या. याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही आणि मीही नाही. चारेक दिवसांनी तिने भिंतीवरून कैरीचं पन्हं दिलं, मी घेतलं. पुढे बाळाच्या बारशाला गेले, पाळणा म्हटला. बाबा पावसाळ्यात गेले तेव्हा तीच पहिली धावून आली, तिनेच नातेवाइकांना फोन केले, तिने मला जबरदस्तीने दोन घास भरवले. त्या उन्हाळ्यामुळे बाबा गेले असं मी कधी म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. पण त्यांच्या कपाळावर आडवा ठेवलेला तो हात मला दिसतो, आणि तेव्हा भिंतीपलीकडे काय चालू होतं तेही दिसतं. दोन्ही एकाच वेळी दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

सवयीप्रमाणे मी खिडकीखालचा अर्धा भरायला बसले. घरात बाळंतीण, तान्हं बाळ, लंगोट्या; तिला पाणी लागतच होतं. मोटर तिच्या जावयाने आणली असेल, तिला नाही म्हणता आलं नसेल. गल्लीत चार जणांनी लावली असेल, म्हणून तिनेही. मोटर लावली की पुढच्या घराचा नळ आटतो हे तिला कळलं नसेल. विसरली असेल, अडली असेल, माहीत नसेल. मोटरचं मला समजून घेता येत होतं. खरंच येत होतं. तिच्या जागी मी असते आणि माझ्या कुशीत बाळ असतं तर मीही कदाचित लावली असती.

गाडी अडायची ती बादल्यांशी. ज्या बाईला माहीतच नाही, ती रोज सकाळी नेमून दोन बादल्या भिंतीवर का ठेवेल? माझ्या घरात पाणी नाही हे तिला ठाऊक होतं, का नाही हेही ठाऊक होतं. माझंच पाणी ओढून घ्यायचं, त्यातलं थोडं मला परत द्यायचं, वर माझे आशीर्वाद घ्यायचे. आणि मी तिच्या हाताला हात लावत होते. मोटर तिने अडचणीपोटी लावली असेल, पण रोज माझ्या डोळ्यात बघून ती बादली पुढे करणं, हे कोणत्या अडचणीत बसवायचं? कधी उलटाही विचार यायचा. बादली दिली म्हणजे तिला आतून टोचत होतं, म्हणजे ती वाईट नाही. असं एकाच बादलीकडे मी कितीदा पाहिलं. रात्र होईस्तोवर ती चांगली ठरायची, सकाळी नळाचा आवाज आला की पुन्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि बाबांचं काय? तिच्यासाठी मी इतकी कारणं शोधली, आणि माझ्या बापाच्या कानांवर मात्र विश्वास ठेवला नाही. ते खरं सांगत होते आणि मी त्यांना लहान पोरासारखं थोपटत होते. हे माझ्याकडून तिने करवून घेतलं, असं मला वाटतं. कोणी म्हणेल की हा आरोप अन्यायाचा आहे. असू दे.

मधे एकदा मी निवृत्त झालेल्या ढोबळे बाईंना भेटायला गेले. गुडघ्यांनी अगदी बसल्या आहेत, पण बडीशेप तशीच. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाई, तुमची खिडकी इथे चालली नाही."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "खिडकीखालचं चांगलं भर म्हटलं होतं मी. खिडकीत उघडं दिसते ते पुसून टाक असं कधी म्हटलं?" मग त्यांनी विचारलं, "तू तिले विचारलं?"

"नाही."

"काहून नाई? खिडकीतून विचारता तं येते ना."

मी तिथून निघाले, पण विचारलं नाही. वर्षामागून वर्ष गेलं. कारण विचारलं तर उत्तर येणार, आणि जोवर उत्तर येत नाही तोवर माझी कारणं शाबूत. ती किल्ली शाबूत, भिंतीवरची वाटी शाबूत. आम्ही दोघी मिळून सांडगे घातले, हळदीकुंकवाला गेलो, तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी दवाखान्यात बसले. बघणाऱ्याला वाटावं की शेजार असावा तर असा. फक्त तिचा हात माझ्या हाताला लागला की मी नकळत माझा मागे घेते. तिला ते कळत असणार. तिने कधी दाखवलं नाही.

मध्यंतरी आमच्या भागात नळाची नवी लाईन पडली. आता टोकाच्या घरालाही भरपूर पाणी येतं, मोटरची कोणाला गरज नाही. रश्मीचं बाळ शाळेत जातं. शोभाच्या मोरीत त्या मोटरच्या जागी तुळशीची कुंडी आहे. सगळं सुरळीत झाल्यावर माणूस विसरतो म्हणतात. माझं उलट झालं. जोवर पाणी कमी होतं तोवर पाण्याचा तरी आधार होता. ते भरपूर झाल्यावर उरली ती नुसती शोभा.

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. ओटा अजून तापलेला होता, मी त्यावर पाणी मारलं, वाफ निघाली. दोघींच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे. ती तिच्या मुलीबद्दल काही सांगत होती. मध्येच म्हणाली, "त्या वर्साची गोष्ट तुनं कधीच काढली नाई."

माझा पंखा थांबला. "तूही काढली नाही."

"मले वाटलं, तुनं समजून घेतलं."

इतक्या सहज बोलली ती. तिच्या आवाजात आभार मानल्यासारखं काहीतरी होतं. मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात जे जमवत होते, ते तिने झालेलं धरूनच टाकलं होतं. आणि त्या क्षणी ढोबळे बाई आठवल्या की संतापच अनावर झाला, ते सांगता येत नाही. मी विचारलं.

"शोभा, माझ्याकडे पाणी का येत नाही ते तुला माहीत होतं?"

ती पंख्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "माहीत होतं."

"बाबा तसे पडले होते, तेही?"

"होतं वं."

"मग?"

मी तिला वेळ दिला. खरं सांगायचं तर तेव्हाही मी तिला मदतच करत होते. रश्मीचं नाव घेईल, बाळाचं घेईल, जावयाचं घेईल. तिने कोणतंही कारण पुढे केलं असतं तरी मी ते घ्यायला तयार होते. एवढी वर्षं ती सगळी कारणं मी घासूनपुसून ठेवलीच होती.

तिने एकही घेतलं नाही. "खोटं नाई बोलत आता," ती म्हणाली. "मोटर आणली तेव्हा घरचे म्हणे, बाजूवाले भांडायले येतीन. मी म्हटलं, बाजूले नंदा हाये. तिले समजलं तरी ती काही म्हणणार नाई, तीच मायासाठी काही कारण काढन." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुया जागी भोयर काकू असती ना, तं मायी हिंमतच झाली नसती."

समोरच्या घरात भोयर काकू कोणावर तरी ओरडत होत्या. त्यांच्या दारासमोरचा रस्ता नेहमीप्रमाणे मोकळा होता.  इतक्या वर्षांत मी तिच्या मनात कुठे कुठे शिरून पाहिलं होतं, आणि तिथे मीच बसलेली असेन हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझा चांगुलपणा तिने आधीच गृहीत धरला होता, आणि त्याच्या भरवशावर बटण दाबलं होतं.

"मला राग आला आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात कोणासमोर पहिल्यांदाच म्हणत होते, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं. "तेव्हाही आला होता. रोज आला. आणि तो गेला नाही."

शोभाने पदर डोळ्यांना लावला. खांदे हलायला लागले. आणि माझं मन, जन्माची सवय, लगेच उठून कामाला लागलं. नवऱ्याच्या आजारपणाने खचली असेल, मुलगी दूर असते, उन्हाने जीव नकोसा झाला असेल. मी त्या मनाला हाताला धरून खाली बसवलं. तिने मला फसवलं होतं, म्हणून ती रडत होती. दुसरं कारण मी तिला दिलं नाही.